एसी नाही, तरी महिन्याला ४३८ युनिट. कुठून कमी करू?

वऱ्हाडातली_सून (अकोला)

नमस्कार मंडळी. मे महिन्याचं बिल आलं, ४३८ युनिट. गेल्या वर्षीचं मेचं बिल शोधून काढलं, तेव्हा ३१० होते. घरात माणसं तीच पाच: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीत गेलेली मुलगी. एसी नाही. दोन कूलर, चार पंखे, बारा वर्षांचा फ्रिज, टाकीत पाणी चढवायची मोटर, वॉशिंग मशीन, टीव्ही. बल्ब आणि ट्यूब सगळ्या एलईडी करून झाल्या. गिझर होळीपासून बंद आहे.

बिल आल्यापासून सासरे रात्री बाथरूमला जाताना दिवा लावत नाहीत. परवा उंबऱ्याला ठेचकाळले, अंगठ्याचं नख गेलं. मला असली बचत नको आहे. मुलगी अभ्यास करते त्या खोलीतला पंखाही बंद करायचा नाही. सोलरला यंदा पैसे नाहीत, क्लासची फी भरायची आहे. रोजच्या सवयींत काय बदललं तर खरोखर फरक पडतो, ते अनुभवाने सांगा.

कोथरूडकर

आमच्याकडे एसी आहे, म्हणून तुम्हाला थेट उपयोग नाही, पण इतर कुणी वाचत असेल तर सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी २४ अंशांवरच सुरू होतात. आम्ही हट्टाने २० वर आणायचो. आता २६ आणि सोबत पंखा एकवर. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. तुमच्याकडे मात्र गाठ दुसरीकडेच दिसते.

निवृत्त_वायरमन

ताई, पहिली गोष्ट, आज रात्रीपासून बाबांचा दिवा लावा. ९ वॉटचा बल्ब रोज दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. १२८ युनिट वाढलेत, ते बल्बाने खाल्लेले नाहीत. हे त्यांना कागदावर मांडून दाखवा, नुसतं सांगून वडीलधाऱ्यांना पटत नाही.

चाळीस वर्षं हेच काम केलं. लोक विचारतात काय बंद करू. मी म्हणतो, आधी मीटरला विचारा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळच एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो, तुमच्याकडे बहुधा ३२००. रात्री सगळी बटणं बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. फ्रिज, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांच्या पिनाही काढा. दिवा आता थांबला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी वायर गळतेय किंवा दुसऱ्याचं काहीतरी तुमच्या मीटरवर आहे, मग लगेच परवानाधारक वायरमनला बोलवा. थांबला तर एकेक वस्तू लावत जा आणि पाच मिनिटं दिवा मोजा. आलेला आकडा गुणिले बारा, भागिले मीटरवरचा आकडा, म्हणजे ती वस्तू तासाला किती युनिट घेते ते कळतं. मुलीला सोबत घ्या, दहावीचं विज्ञानही होऊन जाईल.

दुसरं, टप्प्यांचं समजून घ्या. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट अशा पायऱ्या आहेत. ३०० ओलांडले की आधीचे सगळे युनिट महाग होतात असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नसतं, ३०१ व्या युनिटापासून पुढचेच महाग. म्हणजे तुम्ही वाचवाल ते युनिट वरच्या, महागड्या पायरीवरचे असतील. त्यांच्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचेल.

सांगलीची_मावशी

सेट-टॉप बॉक्सचं बटण रात्री भिंतीवरून बंद करत जा गं. रिमोटने बंद केलं तरी तो गरमच असतो, हात लावून बघ. दहा वॉट धरले तरी चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट होतात. मोबाईलचा चार्जर नुसता अडकवून ठेवलेला असतो त्याची मात्र काळजी करू नकोस, तो नगण्य.

नवा_संसार

बाजारात एक वीज वाचवणारं यंत्र मिळतं, सॉकेटला नुसतं लावायचं. कुणी वापरलंय का?

निवृत्त_वायरमन

घेऊ नका. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती मीटर ज्या युनिटांचं बिल करतं ते याने कमी होत नाहीत. किती घरांतून मी ते काढून ठेवायला लावलंय.

वऱ्हाडातली_सून (अकोला)

काका, काल रात्री मोजलं. सगळं काढल्यावर दिवा थांबला, जीव भांड्यात पडला. मग एकटा फ्रिज लावला. पाच मिनिटांत ४५ वेळा. तुमच्या हिशोबाने तासाला ०.१७ युनिट, म्हणजे १७० वॉट. अडीच वाजता उठून पुन्हा मोजलं, ४५. पहाटे साडेचारला पुन्हा ४५. तो थांबतच नाही! दिवसाला चार युनिट एकटा फ्रिज.

आणि लक्षात आलं. दिवाळीत ओटा नवा केला तेव्हा फ्रिजला शेजारच्या कोनाड्यात बसवला. मागे भिंत, दोन्हीकडे फळ्या, वर कपाट. दिसायला छान, पण मागची बाजू हात लावू देत नाही इतकी तापते.

दुसरा कूलर यंदाच सासू-सासऱ्यांच्या खोलीत घेतला. तो मोजला तर १५० वॉटच्या आसपास. रोज बारा तासांचे महिन्याला ५४ युनिट. तो मी बंद करणार नाही.

निवृत्त_वायरमन

करूही नका. फ्रिज आतली उष्णता मागून बाहेर टाकतो. बाहेर टाकायला जागाच नाही, तर कॉम्प्रेसर थांबणार कधी? कोनाड्यातून काढा, मागे वीतभर जागा सोडा. मग दाराचं रबर तपासा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. ते बदलून मिळतं, त्यासाठी नवा फ्रिज घ्यायची गरज नाही.

खारपाणपट्टा

ताई, मी बाळापूरचा. आपल्याकडच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो. हवा आत येत नाही, खोली गार होत नाही, मग माणूस कूलर फुल्ल करून रात्रभर चालवतो. ताट्या उन्हात वाळवून झटका, वाळा किंवा गवत काळं पडलं असेल तर बदला. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढा. आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत नुसता दमटपणा साचतो. आमच्याकडे एवढं केलं आणि पहाटे तीननंतर कूलर बंद करून पंख्यावर भागायला लागलं.

वऱ्हाडातली_सून (अकोला)

दहा दिवस झाले. रोज सकाळी सातला मीटरचं रीडिंग मुलगी वहीत लिहिते. मेमध्ये सरासरी दिवसाला १४ युनिट होते. आता ११ च्या आत येतंय. पाऊस अजून नाही, ऊन तेवढंच आहे.

फ्रिज कोनाड्यातून बाहेर आला. स्वयंपाकघर जरा अडचणीचं झालं, सुतारकामाचे पैसे वाया गेले याची हळहळ वाटते. पण आता कॉम्प्रेसर थांबल्याचा आवाज ऐकू येतो. नोट सहज निघाली, म्हणून रबरही बदललं. दोन्ही कूलरच्या ताट्या नव्या केल्या. खारपाणपट्टा दादा, खिडकीचं तुमचं अगदी खरं. सेट-टॉप बॉक्स रात्री बंद. मोटरला अलार्म लावला, टाकी भरून पाणी वाहत राहायचं ते थांबलं.

सासऱ्यांना वहीतला हिशोब दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. आता दिवा लावतात.

आता पुढचं विचारते. चार पंखे रोज चौदा-पंधरा तास चालतात, प्रत्येकी ७५ वॉटचे. बीएलडीसी पंखे (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३० वॉटचे म्हणतात. चारही एकदम बदलणं जमणार नाही. आणि आमचे रेग्युलेटर जुने, मोठ्या डब्यासारखे, गरम होणारे आहेत.

निवृत्त_वायरमन

सर्वांत जास्त तास चालतो तो आधी बदला. चौदा तासांच्या पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात. घेताना स्टार लेबल बघा. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून नुसतं बटण ठेवायचं. वेग रिमोटने बदलतो. बाबांना रिमोट जमणार नसेल तर भिंतीवरच्या रेग्युलेटरने चालणारा बीएलडीसीही मिळतो, दुकानात तसा मागा. राहिलेल्या तीन पंख्यांचे डबे काढून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. कमी वेगावर जुना डबा वीज उष्णतेत घालवतो, हा घालवत नाही.

वऱ्हाडातली_सून (अकोला)

सासऱ्यांच्या खोलीतला आधी. रेग्युलेटरवाला बघते. रविवारी मुलीला घेऊन दुकानात जाते, येताना मीटरची वही दाखवूनच भाव करू.