कुलदीप नय्यर: मंत्र्यांचे माहिती अधिकारी ते राजकीय पत्रकार

वाटसरू:
पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी मी कुलदीप नय्यर यांच्यावर टिपण लिहीत आहे. सियालकोटमध्ये १९२३ साली जन्म, फाळणीनंतर दिल्लीत ‘अंजाम’ या उर्दू दैनिकात उमेदवारी, पुढे गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री यांचे माहिती अधिकारी, मग यूएनआय ही वृत्तसंस्था, ‘स्टेट्समन’ आणि ‘इंडियन एक्सप्रेस’ ही इंग्रजी दैनिके असा त्यांचा प्रवास आहे. ज्याने मंत्र्यांची बाजू मांडण्याची सरकारी नोकरी केली, त्याने पुढे त्याच वर्तुळाविषयी लिहिलेल्या बातम्यांवर कितपत विसंबावे? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

जुना_वाचक:
शंका रास्त आहे. मे १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले आणि दुखवट्याच्या त्या दिवसांतच मोरारजी देसाई पंतप्रधानपदाच्या स्पर्धेत उतरल्याची बातमी नय्यर यांनी यूएनआयमार्फत दिली, त्यामुळे मोरारजी उतावीळ ठरले आणि लाभ शास्त्रींना, म्हणजे नय्यर यांच्या आधीच्या वरिष्ठांना झाला. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष कामराज यांनी आपले आभार मानल्याचे नय्यर यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. बातमी खोटी नव्हती. परंतु ती नेमक्या त्याच वेळी देण्यामागे जुना स्नेह होता का, हा प्रश्न उरतोच. (संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे आपल्याला मोरारजींचा कळवळा येण्याचे कारण नाही, म्हणून तर हे प्रकरण आपण अधिकच काटेकोरपणे तपासावे.)

शाईचा_डाग:
श्री. जुना_वाचक यांचा मुद्दा मान्य करूनही मला वाटते की, ओळखीपाळखी कोणाशी होत्या यापेक्षा त्या मोडण्याची वेळ आली तेव्हा माणूस कसा वागला, हे पाहावे. आणीबाणी लागू झाल्यावर नय्यर यांनी दिल्लीत पत्रकारांना एकत्र करून सेन्सॉरशिपच्या निषेधाचा ठराव केला आणि जुलै १९७५ मध्ये त्यांना मिसाखाली (खटल्याविना स्थानबद्ध करण्याची मुभा देणाऱ्या कायद्याखाली) तिहार तुरुंगात टाकण्यात आले. त्यांच्या पत्नीच्या हेबियस कॉर्पस याचिकेवर (अटक कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासावे यासाठीच्या अर्जावर) निकाल लागण्याच्या तोंडावर सरकारने त्यांना सोडले. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. रंगराजन आणि न्या. अग्रवाल यांनी निकाल दिलाच, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली, अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश करण्यात आले.

पुढे जानेवारी १९७७ मध्ये लोकसभेच्या निवडणुका होणार असल्याची बातमी नय्यर यांनी अधिकृत घोषणेपूर्वीच दिली. हा सुगावा सत्तेच्या आतल्या गोटातूनच लागू शकत होता. १९६४ मध्ये ज्या जवळिकीवर आपण आक्षेप घेतो, त्याच प्रकारच्या जवळिकीतून ही बातमी आली.

जुना_वाचक:
हे बरोबर आहे, पण १९९० मधील लंडनचे उच्चायुक्तपद आणि १९९७ मधील राज्यसभेवरील नियुक्ती टिपणातून वगळू नये. दोन्ही पदे तुरुंगवासानंतरची आहेत, तेव्हा शंका तिथेही लागू होते.

वाटसरू:
दोघांचेही आभार. मी १९६४ आणि १९७७ या दोन बातम्या टिपणात शेजारीशेजारी ठेवतो आणि प्रत्येकीचा लाभ कोणाला झाला, ते स्वतंत्रपणे तपासतो.