साठवलेल्या तारखेतील फक्त वर्ष कसे बदलावे?

प्रश्न: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जुन्या नोंदी भरताना फाइलमधील वर्ष दोन अंकी होते आणि आम्ही साचा चार अंकी वर्षाचा दिला, त्यामुळे २०२३ ऐवजी ००२३ साठवले गेले. दिवस आणि महिना यांना धक्का न लावता केवळ वर्ष दुरुस्त करता येईल का?

उत्तर १: तारीख आत मजकूर म्हणून नव्हे, तर दिवसांची संख्या म्हणून साठवलेली असते; म्हणून तिचा तुकडा बदलता येत नाही, पूर्ण नवी तारीख काढून लिहावी लागते. अपडेट आदेशामध्ये मूळ तारखेत २००० वर्षांचा इंटरव्हल (कालावधी) मिळवा आणि उत्तर टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र) येत असल्याने ते पुन्हा डेट प्रकारात आणा. वर्ष १०० पेक्षा कमी असल्याची अट कृपया विसरू नका, नाहीतर बरोबर तारखा ४०२३ सालात जातील.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. २९ फेब्रुवारीच्या नोंदींचे काय होईल?

उत्तर २: त्या सुरक्षित राहतील, कारण ग्रेगोरियन लीप वर्षांचे चक्र ४०० वर्षांचे आहे आणि २००० ला ४०० ने निःशेष भाग जातो, एकच वर्ष मिळवले असते, तर पोस्टग्रेसने २८ फेब्रुवारी केली असती. तरीही हे ट्रान्झॅक्शनमध्येच (कायम करण्याआधी मागे घेता येणाऱ्या बदलांच्या गटात) करा आणि बदललेल्या ओळी आधी मोजलेल्या संख्येशी जुळल्यावरच कमिट करा, म्हणजे बदल कायम करा.