परदेशात नाटक शिकलात, पाहिलंत? अनुभव लिहा

तलावपाळी:
काल आईला घेऊन ठाण्याच्या गडकरी रंगायतनला दुपारच्या प्रयोगाला गेले होते. तिसरी घंटा झाली, 'रंगदेवतेला आणि नाट्यरसिकांना विनम्र अभिवादन करून' ऐकू आलं आणि एकदम २०११ चं लंडन आठवलं, म्हणून हा धागा. अभिनयाचा वर्षभराचा कोर्स होता, दिवसा क्लास आणि संध्याकाळी परवडेल ते नाटक. सुरुवातीला संवाद नाहीतच, जमिनीवर पाठ टेकून, गुडघे वर, डोक्याखाली दोन पुस्तकं आणि नुसतं पडून राहायचं, अंगातला ताण सोडायला शिकवणारी अलेक्झांडर टेक्निक. बाबांनी कर्ज काढलंय आणि मी इथे पडून आहे, रडू यायचं. पण आवाज मोकळा झाला तो त्यानेच.
शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरला ५ पौंडात उभ्याचं तिकीट मिळायचं, तेव्हाचे चारशेच्या आतबाहेर रुपये. अंगणावर छप्पर नाही, छत्री उघडायची नाही, खाली बसायचंही नाही. उजेड नटावर तसा आपल्यावरही, त्यामुळे तो सरळ आपल्या डोळ्यात बघून बोलतो. स्वगत म्हणजे स्वतःशी बोलणं असंच मी शाळेपासून धरून चालले होते आणि इथे तो पावसात भिजणाऱ्या आम्हाला विचारतोय, सांगा आता काय करू! खोलीवर येऊन पाठ केलेली सगळी स्वगतं परत वाचली त्या रात्री.

सानपाडा_स्लो:
ग्लोब म्हणजे तोफेच्या ठिणगीने जळलं ते ना?

तलावपाळी:
ते मूळचं, १६१३ ला. हे १९९७ चं, तसंच बांधलेलं, सज्ज्यांवरच्या गवती छप्परासकट.

कोपरी_पूल:
गडकरीला वडा खाल्लास की नाही ते आधी सांग 😄

तलावपाळी:
दोन.

नेरुळची_मावशी:
लंडनला मध्यंतरात लोक आपापल्या सीटवर बसून छोट्या डब्यातलं आइस्क्रीम खातात, लेकीकडे गेले होते तेव्हा १९५२ पासूनचं ते 'द माऊसट्रॅप' रहस्यनाटक पाहिलं. शेवटी नट सांगतात खुनी कोण ते बाहेर सांगू नका. मी अजून ह्यांनाही सांगितलेलं नाही. कुकर झाला, येते.

घोडबंदर_जाम:
मी न्यूयॉर्कला सहा आठवडे अभिनयाची माइसनर पद्धत शिकलो. दोघं समोरासमोर, समोरच्यात जे दिसतंय ते बोलायचं, त्याने तेच परत म्हणायचं, मग तू, मग तो. इंग्रजीत माझं सगळं डोक्यातून यायचं. बाईंनी थांबवलं, म्हणाल्या तुझ्या भाषेत बोल. मी पार्टनरला म्हटलं 'तू माझ्याकडे बघत नाहीयेस'. तो कॅन्ससचा मुलगा, मराठीचा गंध नाही, ऐकू येईल तसं म्हणत गेला. दहाव्या-बाराव्या वेळी खरंच बघायला लागला आणि माझा आवाज फुटला. वडील जाऊन चार महिने झाले होते, कोणाशी बोललोच नव्हतो.

नेरुळची_मावशी:
अरे बाळा 🙏

सानपाडा_स्लो:
काय लिहिलंयस रे. वाशी स्टेशनवर उभं राहून वाचलं, गाडी सोडली.

खारघर_टेकडी:
क्लास नाही केला, पण ऑफिसच्या कामाने टोकियोत होतो तेव्हा काबुकी-झामध्ये (काबुकी या जपानी पारंपरिक नाटकाचं थिएटर) एकाच अंकाचं तिकीट काढून चौथ्या मजल्यावरून पाहायचो. ऐन क्षणी नट थबकतो आणि वरून जाणकार लोक त्याच्या घराण्याचं नाव मोठ्याने हाक मारतात. आजोबा संगीत नाटकातल्या वन्समोअरबद्दल सांगायचे ते तिथे कळलं.

ऐरोली_आई:
मुलीला लंडनला अर्ज करायचाय, ऑडिशनला काय लागतं?

तलावपाळी:
साधारण एक शेक्सपिअरच्या काळातलं आणि एक आधुनिक स्वगत. तीन वर्षांच्या डिग्रीआधी उन्हाळ्यातला छोटा कोर्स करू दे, खर्च कमी आणि तिचं तिलाच समजेल.

कोपरी_पूल:
@घोडबंदर_जाम तो मुलगा आहे का संपर्कात?

घोडबंदर_जाम:
हो, दर वाढदिवसाला व्हॉइस नोट येते. 'तू माज्याकरे बगत नाइयेस'. 'ळ' शिकवतोय सध्या.

नेरुळची_मावशी:
रविवारी वाशीच्या भावे नाट्यगृहाला प्रयोग आहे, कोण येतंय? माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे.