मदत हवी आहे: आयपीवरून निनावी कमेंट कोणाची ते कळतं का?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातल्या आमच्या केळी उत्पादक गटाची वर्डप्रेसवर छोटी साईट आहे. तिच्यावर एका शेतकऱ्याचं नाव घेऊन कोणीतरी नको ते लिहिलंय. पॅनलला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो. तो शोधला तर मुंबई येतं, कंपनी मोबाईलची. गावातल्या एका पोराकडे त्याच कंपनीचं सिम आहे, म्हणून लोक त्याचं नाव घेताहेत. काय करावं?

उत्तर १ (भुसावळ)
आधी त्या पोराचं नाव घेणं थांबवा भाऊ. त्या कंपनीचं सिम तालुक्यात हजारोंकडे असेल. मुंबई दिसलं त्यालाही अर्थ नाही. मोबाईलचं ट्रॅफिक जिथून बाहेर पडतं ते शहर दिसतं, फोन रावेरला असो की यावलला.

मोबाईलवर एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा, छोटा) पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. कोण कुठला, हे कंपनी पोर्ट नंबरवरून, म्हणजे प्रत्येक जोडणीला दिलेल्या आकड्यावरून ओळखते. म्हणजे आयपी, सोर्स पोर्ट (ग्राहकाच्या बाजूचा हा आकडा) आणि सेकंदापर्यंत वेळ, तिन्ही हवं. वर्डप्रेस पोर्ट साठवत नाही. अपाचे, एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या लॉगमध्येही (नोंदींच्या फाईलमध्ये) तो नसतो, लॉग फॉरमॅटमध्ये मुद्दाम घालावा लागतो. वेळेतही घोळ होतो: लॉग यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असेल तर रात्री ९:४० ची कमेंट दुपारी ४:१० ची दिसते.

उत्तर २ (धुळे)
कमेंट डिलीट करू नका, फक्त अनअप्रूव्ह करा, म्हणजे ती साईटवर दिसणार नाही. ट्रॅशमध्ये टाकली तर ३० दिवसांनी आयपीसकट जाते. होस्टिंगचे लॉग आजच उतरवून घ्या, ते लवकर पुसले जातात. मूळ फाईल उघडून बदलू नका. कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ग्राहकाचं नाव कंपनी तुम्हाला देणार नाही, ते पोलीस किंवा कोर्टच मागवू शकतं. ज्याची बदनामी झाली त्याने जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. १९३० हा सायबर हेल्पलाईनचा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

प्रश्नकर्ता
आता नीट पाहिलं, पत्ता लांबलचक आहे, मध्ये कोलन आहेत.

उत्तर १
मग तो आयपीव्ही६, नवा लांब पत्ता. तो असा अनेकांत वाटलेला नसतो, म्हणून पोर्टची अडचण उरली नाही. कोलनांनी वेगळे केलेले पहिले चार गट आणि नेमकी वेळ दिली की कंपनीला सिम सापडतं. पण त्या फोनच्या हॉटस्पॉटवर चौघं बसलेले असतील, तर चौघांचेही पहिले चार गट तेच. सिमवाला सापडेल. टाईप कोणी केलं, ते फोन तपासून आणि जबाब घेऊनच ठरेल.