मोटरहोम घेऊन दोघंच निघालात, तो दिवस – तुमचे अनुभव सांगा

ओसरी
काल रात्री भाचीचा न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चहून फोन आला. ती आणि तिचा नवरा मोटरहोम घेऊन निघतायत. आधी साउथ आयलंड, मग पिक्टनहून फेरीने वेलिंग्टन. "मावशी, गाडी ताब्यात घेताना काय काय बघून घेऊ?" एवढंच विचारायचं होतं तिला, पण फोन ठेवल्यावर माझी झोपच उडाली. आमचं निघणं सगळं डोळ्यासमोर यायला लागलं.

आम्हीही ह्यांच्या निवृत्तीनंतर तिकडेच गेलो होतो. मुलं म्हणत होती हॉटेलं बुक करून देतो, आरामात फिरा. पण ह्यांच्या मनात कितीतरी वर्षं हेच होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. रोज बॅगा भरायच्या नाहीत, आपला चहा आपल्या हातचा, जिथे आवडेल तिथे बसून.

यार्डातल्या मुलाने तासभर सगळं दाखवलं. प्यायच्या पाण्याची टाकी कुठून भरायची, भांड्यांचं-आंघोळीचं सांडपाणी कुठे साठतं, टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) बाहेरच्या दारातून कशी ओढायची, गॅसचा कॉक, विजेची जाड केबल. हे व्हिडिओ काढत होते, मी वहीत लिहीत होते. त्या वहीचं एक पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं: छताची खिडकी, गॅस, फ्रिजची खिट्टी, ड्रॉवर, पायरी, केबल. रोज निघताना मी वाचायचं आणि ह्यांनी हात लावून बघायचं. हात लावल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही हा नियम. ते वाचन आमचं इतकं अंगवळणी पडलं की पुण्यात परत आल्यावरही कुलूप लावताना हे म्हणायचे, वाच गं.

तिथे गाडी आपल्यासारखी डावीकडून चालवायची, त्यामुळे निम्मी भीती गेली. एकेरी पूल मात्र नवीन होते. लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. आणि वारा! कँटरबरीच्या मैदानावर नॉर्वेस्टर (वायव्येकडचा वारा) सुटला की एवढी मोठी गाडी बाजूला ढकलल्यासारखी वाटते. बर्क्स पास चढून उतरलो आणि टेकापोचं तळं दिसलं. हिमनद्यांनी दगड दळून केलेली बारीक पूड त्या पाण्यात असते, म्हणून दुधात निळा रंग कालवल्यासारखं दिसतं. हे गाडी बाजूला घेऊन नुसते बसून राहिले. एकमेकांशी बोललोच नाही बराच वेळ.

पहिल्या रात्री झोप अशी नाहीच. छतावर पाऊस, हीटरचा बारीक आवाज, हात लांब केला की एकीकडे शेगडी आणि दुसरीकडे ह्यांचा खांदा. लहानपणी भातुकली मांडायचो ना, तशी मांडलेली होती सगळी. तरी मला फार सुरक्षित वाटत होतं.

तुमचा निघायचा दिवस कसा होता? देश कुठलाही, गाडी कशीही. लिहा.

कैरी
फोडणी!!! आमच्या आरव्हीत (अमेरिकेत मोटरहोमला हेच म्हणतात) पहिल्याच संध्याकाळी मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म जो कोकलायला लागला, शेजारच्या साइटवरचे आजोबा धावत आले. काही पेटलं नाहीये म्हटल्यावर बिचारे हुश्श करून बसले. त्यांना पोहे दिले. दुसऱ्या दिवसापासून फोडणीची शेगडी बाहेर, पिकनिक टेबलावर.

आम्ही डेन्व्हरहून निघालो होतो, यलोस्टोन करून वर ग्लेशियर नॅशनल पार्कला. तिथे गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत. आमची २५ फुटी. मग कॅम्पग्राउंडवर ठेवली आणि पार्कच्या शटलने गेलो. फार बरं झालं, नवऱ्याला पहिल्यांदाच दरी डोळे भरून बघता आली, एरवी त्याच्या वाट्याला फक्त रस्त्यावरचा पट्टा. मुलीला क्लासहून आणायचंय, बाकी रात्री.

पाटपाणी
@कैरी कांदेपोहे की दडपे?

कैरी
कांदेपोहे. मोंटानात ओला नारळ कुठून आणू :)

पाटपाणी
सुकं खोबरं कोमट पाण्यात भिजवून ठेवायचं, थोडं दूध शिंपडायचं. चालून जातं. बाकी धागा मस्त, वाचतेय. आमचं पुढच्या मे महिन्यात ठरतंय.

रानवाट
आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. गाडी स्वतःची, जुनी घेतलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. जायचं होतं थेट नॉर्डकापला, नॉर्वेच्या उत्तर टोकाला. इथे आमच्या बी वर्गाच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालते, आणि त्यात माणसं, पाणी, डिझेल, डबे सगळं आलं. म्हणून आदल्या दिवशी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली. मर्यादेच्या वर होती! मग काट्याच्या शेजारीच आमचा तह झाला. पाण्याची टाकी अर्धीच भरायची (१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे कोणी लक्षातच घेत नाही), नवऱ्याची जाडजूड पुस्तकं घरी, माझा पाटा घरी. तांदूळ गाडीत राहिले. त्याच्या लेन्सा राहिल्या. त्या अर्ध्या तासात मला कळलं की ह्या माणसाबरोबर मी कुठेही जाऊ शकते, कारण एकदाही आवाज चढला नाही.

पुटगार्डनहून डेन्मार्कमधल्या रॉडबीची फेरी पाऊण तासाची. जर्मनीचा किनारा मागे गेला तेव्हा वाटलं, निघालो एकदाचे.

जाणाऱ्यांसाठी: जर्मन गॅसची बाटली नॉर्वेत बदलून मिळत नाही, जोडणी वेगळी असते. दोन्ही भरून न्या आणि गॅस स्वयंपाकापुरताच वापरा. आणि खिडक्यांना काळे पडदे हवेतच. नॉर्डकापला मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. रात्री साडेबाराला आम्ही बाहेर खुर्च्या टाकून पिठलं-भात खाल्लाय.

रातराणी
नॉर्वेतल्या लेर्डालच्या बोगद्यातून गेलात का? साडेचोवीस किलोमीटर ना तो? मला बंद जागेची भीती वाटते म्हणून विचारतेय.

रानवाट
हो, परतताना. मध्ये तीन ठिकाणी मोठ्या गुहेसारखी जागा केलीय, निळा-पिवळा उजेड असतो, मन जरा मोकळं होतं. तुला नको वाटलं तर उन्हाळ्यात डोंगरावरून जुना रस्ता उघडा असतो, तो घे. बर्फाच्या भिंती दिसतात बाजूला.

शेवंती
आमचं राहून गेलं. मुलगा मेलबर्नला असतो, गाडीच्या बुकिंगपर्यंत आलो होतो आणि ह्यांचं आजारपण निघालं. आता ते नाहीत. पण तुमचं सगळ्यांचं वाचताना आमचंच निघणं झाल्यासारखं वाटतंय. ह्यांनीही अशीच यादी केली होती कागदावर, नीट रकाने आखून. थांबू नका कोणी, लिहा.

ओसरी
शेवंतीताई, काय लिहू कळत नाहीये. तो कागद जपून ठेवा. कधी वाटलं तर इथे लिहा त्यातलं, आम्हाला वाचायला आवडेल.

कैरी
शेवंतीताई, मिठी तुम्हाला.

तिठा
ह्यांना मधुमेह, इन्सुलिन चालू. त्यामुळे आमच्याकडे निघायच्या दिवसाचा सगळा विचार फ्रिजभोवती. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडहून पर्थला नलारबोरच्या ओसाड मैदानातून जायचं होतं. मोटरहोममधला फ्रिज गॅस, वीज आणि बॅटरी तिन्हीवर चालणारा असेल तर गाडी सपाट जागेवर उभी लागते, तिरकी असली की नीट गार होत नाही. चाकाखाली ठेवायच्या पाचरी म्हणूनच देतात. आम्ही छोटा थर्मामीटर आत ठेवला होता, २ ते ८ अंशांत काटा आहे ना ते थांबल्यावर आधी बघायचं, मग चहा. शिवाय इन्सुलिनचा एक वेगळा साठा थंड पिशवीत, दोन्ही एकाच ठिकाणी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत.

बॅलॅडोनिया आणि कायगुनाच्या मध्ये १४६.६ किलोमीटर सरळ रस्ता आहे, एक वळण नाही. त्या पट्ट्यात हे मला कॉलेजातल्या गोष्टी सांगत होते, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधीच ऐकल्या नव्हत्या. घरी टीव्ही, फोन, येणारे-जाणारे, कोण कुणाला पूर्ण गोष्ट सांगतं?

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर ताजी फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात, तेव्हा त्याआधी संपवा. आणि अंधार पडायच्या आत थांबायचं म्हणजे थांबायचंच. कांगारू संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

घाटमाथा
परदेशातलं वाचून छान वाटलं, आता आपलं गावरान. टेम्पो ट्रॅव्हलरवर घर बांधून घेतलंय. दोन बर्थ, छोटा ओटा, टॉयलेट. टॉयलेट आत हवंच ही बायकोची पहिली अट होती आणि ती शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे बाईमाणसाला रस्त्यावर सगळ्यात मोठी अडचण तीच.

कोणी करणार असेल तर आधी कागदपत्रं बघा. नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. आधी बॉडी आणि मग परवानगी असं करू नका. आपल्या राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ही चांगली गोष्ट झाली, पण रात्री हक्काने उभं राहायला, पाणी भरायला, टाकी रिकामी करायला जागा अजून फार हव्यात. ह्या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकतो.

आम्ही कराडहून निघालो, महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, मग दापोली. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली तेव्हा बोटीवरचा पोरगा आत डोकावून म्हणाला, "काका, ह्यात काकूंचा देव्हारा पण आहे?" होता, खिडकीजवळ. बायकोने त्याला लाडू दिला. दहा मिनिटांत धोपाव्याला. फेरी नसती तर चिपळूणवरून केवढा वळसा पडला असता.

कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर उंचीचं भान ठेवा. आंब्याच्या फांद्या आणि सैल तारा. बायको खाली उतरून पुढे चालत बघायची, हात वर केला की मी थांबायचं. रात्री पेट्रोल पंपावर रीतसर विचारून थांबलो की कोणी नाही म्हणालं नाही. ओळख द्यायची, सकाळी डिझेल तिथेच भरायचं.

रातराणी
कुणाच्या बायका चालवतात का मोटरहोम? मला कार चांगली येते पण एवढं धूड... आणि लायसन्सचं काय?

रानवाट
मी चालवते! नॉर्वेत अर्ध्याहून जास्त मीच. आरसे मोठे असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर फक्त मागे घ्यायचा सराव कर. वळताना मागचा भाग बाहेर झुलतो तेवढं समजलं की झालं.

ओसरी
@रातराणी भारतातून जाणार असशील तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, फॉर्म ४ए, एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही बरोबर ठेव. आणि भाड्याच्या करारात तुझंही नाव ड्रायव्हर म्हणून घालायला लाव. ज्याचं नाव नाही त्याच्या हातून काही झालं तर विमा मिळत नाही. आम्ही दोघांची घातली होती. वेस्ट कोस्टवर ह्यांची कंबर धरली तेव्हा हास्टपर्यंत मीच आणली गाडी.

पाटपाणी
न्यूझीलंडला कुठेही थांबता येतं म्हणतात ते खरं का? आणि मेतकूट नेऊ देतात का :) आणि (विचारायला कसंसंच वाटतं) ती कॅसेट कोण रिकामी करायचं?

ओसरी
कुठेही नाही गं. २०२३ साली कायदा कडक झाला. गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट आणि पाण्या-सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं हिरवं प्रमाणपत्र असेल तरच तशा मोकळ्या जागी, आणि तिथेही स्थानिक कौन्सिलचे नियम असतात. आम्ही बऱ्याचदा सरकारी डीओसी (निसर्गसंवर्धन खात्याच्या) कॅम्पवर थांबायचो, साधे पण जागा एकेक अशा की उठवत नाही. वेस्ट कोस्टला सँडफ्लाय (बारीक चावऱ्या माश्या) मात्र फोडून काढतात, अंगभर कपडे आणि मलम. दक्षिणेत डोंगरात किआ पोपट गाडीचं रबर कुरतडतात, खाऊ घालायचं नाही त्यांना.

मेतकूट, भाजणी, मसाले, सगळं देशात शिरतानाच्या फॉर्ममध्ये जाहीर करायचं. जाहीर केलं की बघतात आणि बहुतेक देऊन टाकतात, नाहीच जमलं तर ठेवून घेतात. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. माझं मेतकूट मिळालं, त्या अधिकारी बाईने वास घेऊन कशाबरोबर खातात तेही विचारलं.

कॅसेट हे. पहिल्याच दिवशी म्हणाले, तू अर्धं आयुष्य पोरांचं केलंस, हे माझं. डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) हातमोजे घालून पाच मिनिटांचं काम, मग धुऊन निळं औषध टाकायचं. मला कधी हात लावू दिला नाही.

कैरी
@ओसरी आता मी नवऱ्याला हे वाचून दाखवणार आहे!

घाटमाथा
@शेवंतीताई, बायकोला तुमचं वाचून दाखवलं. जानेवारीत आम्ही तळकोकणात उतरतोय, कुणकेश्वर, मालवण, रेडी. आमची लेक मागच्या वेळी जिथे झोपली ती जागा रिकामी असते, बायको आणि तुम्ही आत, मी तंबूत, मला सवय आहे. ती मनापासून म्हणतेय. विचार करा.

शेवंती
अहो, मला गाडी लागते घाटात. पुढची सीट द्याल का?

घाटमाथा
दिली. बायको मागे देव्हाऱ्याजवळ बसते, तिला तिथेच आवडतं. आवळा सुपारी आणतो.

तिठा
आल्याचा पाकही घ्या बरोबर. आणि फोंडा घाटाने उतरा, आंबोलीपेक्षा बरा पडेल ताईंना.

घाटमाथा
फोंड्याचाच विचार आहे, कुणकेश्वरला तोच जवळ. राधानगरीला दुपारचं जेवण करून मग उतरू, उपाशीपोटी घाट नको.