कूतचा वेढा १९१५-१६: पुणे डिव्हिजन अडकली कशी? आणि माँटेग्यूच्या घोषणेशी त्याचा संबंध किती?

दप्तरदार:
६ वी पुणे डिव्हिजन मेसापोटेमियात (आजचा इराक), टायग्रिसकाठच्या कूत गावात १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण गेली. यातल्या काही गोष्टींचा मेळ लागत नाही. तेल राखायला बसऱ्याला उतरलेली फौज बगदादच्या वाटेला का लागली? टायग्रिसमधून बोटी चालत होत्या, मग दाणागोटा का पोचला नाही? आणि ऑगस्ट १९१७ च्या माँटेग्यू घोषणेमागे (हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याचं ब्रिटिशांचं वचन) कूत होतं म्हणतात, ते खरं की ओढूनताणून? जाता जाता, ‘पुणे डिव्हिजन’ म्हणजे सगळे मराठेच का?

नदीकाठ:
शेवटचं आधी. नाही. पुणे हे डिव्हिजनचं शांततेतलं ठाणं, भरतीचं गाव नव्हे. तिच्यात नॉरफोक, डॉर्सेट अशा गोऱ्या पलटणी होत्या, पंजाबी, राजपूत होते, पुढे गुरखेही आले. मराठा पलटणी तीन: १०३, ११० आणि ११७. तिन्ही कूतमध्ये सापडल्या.

आता बगदाद. ब्रिटिश सरकारनं १९१४ च्या उन्हाळ्यात अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले होते आणि अबादानची रिफायनरी शत्त-अल-अरब नदीच्या काठावरच होती. तुर्कस्तानशी युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, फौज या नदीच्या मुखाशी फाओला उतरली. महिनाअखेर बसरा हातात. तेलाचं काम इथंच झालं होतं. पण बसरा राखायला नदीवरचं पुढचं गाव कुर्ना हवं, कुर्ना राखायला अमारा हवं, असं करत सप्टेंबर १९१५ मध्ये फौज कूतला. ही मोहीम तेव्हा लंडनहून नव्हे, सिमल्याहून, म्हणजे हिंदुस्थान सरकारकडून, चालत होती. तिकडे तुर्की किनाऱ्यावर गॅलिपोलीत हात पोळले होते, लंडनच्या मंत्रिमंडळाला कुठून तरी विजयाची बातमी हवी होती, म्हणून ऑक्टोबरात बगदादला होकार गेला. डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंडनं आपलं बळ अपुरं असल्याचं वर कळवलं होतं. नोव्हेंबरात सलमान पाकला (टेसिफोन) साडेचार हजारांवर माणूस जायबंदी किंवा ठार झालं आणि उरलेली फौज कूतला परतली, तिथे तुर्कांनी तिला वेढलं. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणलं. ज्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं त्यांचं त्या गाड्यांत काय झालं असेल याची कल्पना करा.

गलबतवाला:
बोटींचं उत्तर ‘होत्या, पण पुरेशा नव्हत्या, आणि होत्या त्याही नदीला साजेशा नव्हत्या’ असं आहे.

बसऱ्याला तेव्हा धक्काच नव्हता. समुद्री जहाज नदीत मधोमध नांगरायचं, माल स्थानिक गलबतांवर उतरवायचा, तिथून काठावर, काठावरून पुन्हा नदीतल्या बोटीवर. एकेका जहाजाला रिकामं व्हायला आठवडेच्या आठवडे लागायचे. पुढे बगदादपर्यंत नदीमार्ग सुमारे ८०० किलोमीटर, नुसती वळणं. उन्हाळा संपेपर्यंत पाणी इतकं उतरतं की चार-पाच फूट पाण्यात चालणारी बोटही वाळूत रुतते. मार्च ते मे अनातोलियातलं बर्फ वितळून पूर, म्हणजे तेव्हा बोट चालते पण काठावरचे तळ बुडतात. कुर्ना ते अमारा या टप्प्यात पात्र इतकं चिंचोळं की काही ठिकाणी एका वेळी एकच बोट जायची, समोरची थांबायची. रेल्वे घाला म्हणावं तर हिंदुस्थान सरकारला खर्च नको. नव्या बोटी मागवल्या त्यांतल्या काही अरबी समुद्र ओलांडतानाच बुडाल्या, कारण नदीसाठी बांधलेली सपाट बुडाची बोट भर समुद्रात ओढत नेली की दुसरं काय होणार.

थोडक्यात, बसऱ्याला कुमक येऊन पडली होती, पण तिला वर न्यायला बोट नव्हती. जानेवारीत वेढा फोडायला निघालेल्या फौजेचा सेनापती एल्मरनं तुकड्या जशा पोचल्या तशा लढाईत घातल्या, अर्ध्या तोफखान्याविना.

शिधापत्रक:
आणि ही घाई तरी कशासाठी, तेही पाहा. टाउनशेंडनं सुरुवातीला गोऱ्यांना महिनाभर, हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल इतकाच शिधा असल्याचं कळवलं. गावातली धान्याची कोठारं नीट धुंडाळली गेली जानेवारीच्या अखेरीस. मग कळलं की घोडे कापले तर आणखी ८४ दिवस निघतील. तोवर शेख साद, वादी आणि हन्ना, वेढा फोडण्यासाठीच्या तीन लढाया होऊन गेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात शिधा मोजला असता तर एल्मरला महिनाभर सवड मिळाली असती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच.

दुसरी चूक कूतबाहेरच्या दुजैल्या या तुर्की मोर्चाची, ८ मार्च. रात्रीच्या चालीनं फौज पहाटे मोर्चासमोर पोचली तेव्हा आत जवळजवळ कोणी नव्हतं. पण आराखड्यात आधी तोफा लावून मग हल्ला असं लिहिलेलं, म्हणून थांबले. तोफा वाजल्या, तुर्क जागे झाले, नदीपलीकडून माणसं आणून खंदक भरले.

शेवटच्या दिवसांतला हिशेब असा: फौज आणि गावकरी मिळून सुमारे २०,००० तोंडं. विमानांतून रोज ५,००० पौंड अन्न टाकायचं ठरलं, म्हणजे माणशी ४ औंस, ११३ ग्रॅम. दीड भाकरीचं पीठ. एक विमान दोनशे पौंडांच्या आसपास उचलायचं, म्हणजे रोज पंचवीसेक फेऱ्या हव्यात, आणि तेवढ्या कधी झाल्या नाहीत. काही पोती टायग्रिसमध्ये, काही तुर्कांच्या खंदकात. पिठाआधी तर जात्याचा दगडसुद्धा विमानातूनच टाकला होता.

घोड्याचं मांस हिंदी शिपायांनी एप्रिलपर्यंत बहुतांशी नाकारलं. याला ‘धर्मवेड’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. परवानगीचे निरोप तर हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेनं आले होते. अडचण गावाकडची होती: परतल्यावर पंगतीत कोण घेणार? परिणाम आजारांत स्पष्ट दिसतो. आट्यावर जगणाऱ्या हिंदी शिपायांना ताजं मांस-भाजी नसल्यानं स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला. घोडा खाणाऱ्या गोऱ्यांना स्कर्व्ही कमी, पण मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार). मैदा संपून त्यांच्याही पावात आटा मिसळायला लागले तशी बेरीबेरी ओसरली.

दप्तरदार:
जेवणाचा हा हिशेब कुठे एकत्र वाचला नव्हता. माँटेग्यूचं राहिलं.

नदीकाठ:
तारखा एका रांगेत ठेवा. २८ एप्रिल १९१६: बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन. दुसऱ्या दिवशी कूत पडलं. हा योगायोगच, त्यातून अर्थ काढू नका. जून १९१७ अखेर या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसापोटेमिया कमिशनचा अहवाल छापून आला, त्यात हिंदुस्थान सरकारचे वाभाडे. जुलैत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन पायउतार. अहवालावरच्या पार्लमेंटातल्या चर्चेत, हिंदुस्थान सरकारचा हा कारभार आजच्या काळाला निरुपयोगी आहे असं बजावणारे माँटेग्यू आठवड्याभरात त्यांच्या जागी. २० ऑगस्टला घोषणा.

पण घोषणेचा मसुदा चेंबरलेन यांच्याच काळात शिजत होता, आणि ‘जबाबदार राज्यपद्धती’ हे शब्द घातले युद्धमंत्रिमंडळातल्या कर्झननं. लखनौ करार आणि अ‍ॅनी बेझंटची स्थानबद्धता यांचा दाबही होताच. तेव्हा कूतमुळे स्वराज्याचा मार्ग खुला झाला असं लिहू नये. कूतमुळे माणूस बदलला आणि ‘हिंदुस्थान सरकारला कारभार कळतो’ हा दावा पार्लमेंटात कोसळला, इतकं ठामपणे लिहिता येतं.

सीमारेषा:
अवांतर, पण नेहमी चुकतं म्हणून: आजचा इराक साइक्स-पिको करारानं (तुर्की साम्राज्याची वाटणी ठरवणारा ब्रिटन-फ्रान्सचा गुप्त करार) आखला असं सरसकट म्हणतात. तो करार १६ मे १९१६ चा, कूतनंतर अडीच आठवड्यांनी, आणि त्यात मोसुल फ्रेंचांच्या प्रभावक्षेत्रात होतं. ब्रिटिशांनी ते नंतर मागून घेतलं, आणि तुर्कस्ताननं हद्द मान्य केली १९२६ मध्ये. कूत जिंकणाऱ्या हलील पाशानं तुर्कस्तानात आडनावांचा कायदा आल्यावर ‘कूत’ हेच आडनाव घेतलं.

शिधापत्रक:
कुणाला मराठा पलटणीतलं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर शोधायचं असेल तर पलटणीचा १९२२ पूर्वीचा क्रमांक वापरा. १०३ ची पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची १ ली बटालियन झाली, ११० ची ३ री, ११७ ची ५ वी. नवा क्रमांक टाकला तर काही हाती लागत नाही. आडनावाची रोमन स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहा, शिंदेचं सिंदेही असतं. बसरा स्मारकावरचे फोटो मागत बसू नका: तिथे गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या. नावं रजिस्टरात आहेत, आणि आता त्याच साइटवर.