चर बुजवला, पण रस्त्याचं आयुष्य कोण भरून देणार?

विषय: खोदाई शुल्काचा मसुदा

नमस्कार मंडळी,

शहराच्या रस्ते समितीपुढे खोदाई शुल्काचा मसुदा येतोय. गॅस आणि फायबरवाल्या कंपन्यांचं म्हणणं एकच: "आम्ही चर बुजवतो, वर डांबर टाकतो, अनामतही ठेवतो. मग हे वेगळे पैसे कशाचे?" समितीत जे बोलणार आहेत त्यांना याचं नेमकं उत्तर हवंय. शुल्क किती जागेवर लावायचं आणि ते कायद्यात टिकेल का, हेही जाणकारांनी सांगावं.

उत्तर: खोदाई शुल्काचा मसुदा

ताई,

इथे दोन वेगळी नुकसानं आहेत आणि मसुद्यात ती एकत्र झाली की कंपन्यांना आयतं बोट ठेवायला जागा मिळते. चराचं ठिगळ खचलं तर ते दुरुस्त करणं हे अनामतीचं काम. शुल्क असतं ते चराच्या बाजूच्या, कुणीही हात न लावलेल्या रस्त्याचं.

चर खणला की बाजूच्या मातीचा आडवा आधार जातो. ती चराकडे सरकते, सैल होते. त्यात कडेवर उपसलेल्या मातीचा ढीग आणि त्याला खेटून उभा बॅकहो, म्हणजे खोदाईचं यंत्र. वरचं डांबर जसंच्या तसं दिसतं, पण खाली पोकळी धरलेली असते. दोन-तीन वर्षांत चराला समांतर भेग येते, ती ठिगळात नसते, ठिगळाबाहेर असते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी आणि आयोवामधल्या अभ्यासांत हा कमकुवत पट्टा कडेपासून साधारण २ ते ३ फुटांचा आढळला.

आता हिशोब करा. ६० फूट लांब, २ फूट रुंद चर म्हणजे १२० चौरस फूट. चारी बाजूंनी ३ फूट धरले तर ६६ गुणिले ८, म्हणजे ५२८ चौरस फूट. चौपटीहून जास्त. समितीत हा एकच आकडा फळ्यावर लिहा, कंपनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मात्र ३ फूट हा आकडा दुसऱ्या शहरातून उचलू नका. माती वेगळी, पाया वेगळा. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर (वजन आदळून रस्ता किती दबतो ते मोजणारं यंत्र) लावून चराच्या मधोमध, कडेपासून १, २, ३, ४ फुटांवर आणि लांब अखंड रस्त्यावर रस्त्याचं दबणं मोजा. एकाच दिवशी मोजा, कारण डांबर तापलं की जास्त दबतं. ज्या अंतरावर दबणं अखंड रस्त्याइतकं होतं, तिथे तुमचा पट्टा संपला. त्या पट्ट्याला पूर्वीची ताकद द्यायला किती जाडीचा जादा थर लागेल, त्या थराचा चौरस फुटाचा खर्च हाच शुल्काचा पाया.

कंपन्यांचा सगळ्यात मजबूत आक्षेप आधीच सांगून ठेवतो. "जुन्या रस्त्याखाली जुने पाइप, म्हणून तिथे खोदाई जास्त. रस्ता वयानं खराब झालाय, आमच्यामुळे नाही." हे अगदीच खोटं नाही. म्हणून तुलना करताना रस्त्यांचं वय, वाहतूक आणि पाया सारखाच हवा, फरक फक्त चरांचा. एवढं केलं नाही तर अहवाल पहिल्याच सुनावणीत कोसळतो.

उत्तर: खोदाई शुल्काचा मसुदा

काकांच्या मेलला कायद्याची बाजू जोडते.

टेलिकॉम कंपन्यांसाठी अमेरिकेच्या १९९६ च्या फेडरल दूरसंचार कायद्याचं कलम २५३ बघा. सार्वजनिक रस्त्याच्या वापराबद्दल वाजवी मोबदला घेता येतो, पण सर्व स्पर्धकांना सारखा आणि भेदभाव न करता. त्यामुळे शुल्क खर्चावरच बेतलेलं हवं आणि पैसा सर्वसाधारण तिजोरीत न जाता रस्त्यांच्या पुनर्डांबरीकरणाच्या वेगळ्या खात्यात जायला हवा. नाहीतर तो कर ठरतो.

आणि एक गोष्ट बहुतेक मसुद्यांत हमखास राहते: शहराचं स्वतःचं पाणी आणि मलनिस्सारण खातं. चर त्यांचेही तितकेच खोल असतात. त्यांना सूट दिली की समोरच्या वकिलाला दुसरं काही शोधावंच लागत नाही. कृपया ही सूट काढायला लावा.

दर सरसकट नको. नव्या रस्त्याचं शिल्लक आयुष्य जास्त, म्हणून नुकसानही जास्त. सॅन फ्रान्सिस्कोत शेवटच्या डांबरीकरणाला जितकी वर्षं झाली तितका दर उतरत जातो, आणि नव्या डांबरीकरणानंतर ५ वर्षं खोदाईला बंदी असते. बंदी ठेवलीत तर "तातडीचं काम" याची व्याख्या घट्ट करा. गळती किंवा जिवाला धोका, एवढंच. नवीन जोडणी तातडीत बसत नाही.

उत्तर: खोदाई शुल्काचा मसुदा

मग ज्या कंपनीनं काम चोख केलं तिलाही तेवढंच शुल्क?

उत्तर: खोदाई शुल्काचा मसुदा

नाही, आणि मसुद्याचा खरा उपयोग इथेच आहे. नुकसान कमी करणाऱ्याला सवलत द्या. जमिनीखालून आडवं बोअरिंग केलं तर फक्त दोन टोकांच्या खड्ड्यांचं शुल्क. छोट्या दुरुस्तीसाठी १८ इंची गोल कोर कापून तोच परत बसवला तर कोपरेच राहत नाहीत आणि भेगा कोपऱ्यांतून सुरू होतात. पूर्ण लेनचं मिलिंग करून, म्हणजे वरचं डांबर खरवडून, नवा थर दिला तर शुल्क माफ करावं असं माझं मत.

साध्या चरासाठी अटी लिहा. भराव ६ ते ८ इंचांच्या थरांत, प्रत्येक थर कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत दाबलेला. प्रत्यक्षात दीड-दोन फूट माती एकदम ओततात आणि वरून धुमस मारतात. वरचे काही इंच घट्ट, खाली भुसभुशीत. ओलसर रेती तर फसवीच. कण पाण्याच्या ताणानं एकमेकांना धरून राहतात, दाट बसत नाहीत. नंतर भेगेतून पाणी शिरलं की ताण सुटतो आणि भराव एकदम खाली बसतो. म्हणून तपासणी डांबर टाकायच्या आधी हवी, कोन पेनेट्रोमीटर (भराव किती घट्ट आहे ते दाखवणारी टोकदार सळई) तळापर्यंत घालून.

डांबर मात्र चराच्या भिंतीपासून दोन्हीकडे १ फूट बाहेर कापायचं, म्हणजे सांधा न खणलेल्या मातीवर येतो. सांधा चाकाच्या पट्ट्यात येत असेल तर काप आणखी बाहेर सरकवा. कापलेल्या उभ्या कडेला टॅक कोट, म्हणजे डांबराचा पातळ चिकट लेप, आणि वरून गरम सीलंट. ही कड कोरडी राहिली तर पहिल्याच हिवाळ्यात पाणी आत जातं.

मसुद्याची प्रत लिस्टवर टाका, सवलतीचं कलम मी लिहून देतो.